बाहेर पडण्याच्या दारांची कुलपं: २३ दारांच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

इमारत तळमजला अधिक ५ मजले. दोन जिने, सगळीकडे स्प्रिंकलर, तळमजल्यावर मोठं सभागृह. सुटकेच्या वाटेवरची दारं २३. क्रमांक पाडले: १ ते ६ अ जिना, ७ ते १२ ब जिना, १३ आणि १४ जिन्यांतून थेट बाहेर, १५ आणि १६ सभागृह, १७ मुख्य प्रवेश, १८ कोठाराचं मागचं दार, १९ ते २२ दुसऱ्या ते पाचव्या मजल्यावरची काचेची दारं, २३ यंत्रखोली.

निकष एनएफपीए १०१ चा (इमारतीतून सुरक्षित सुटकेचे अमेरिकी नियम) धरला. स्थानिक नियम जिथे त्याहून कडक असेल तिथे स्थानिक. कुलपांपुरती मुख्य अट एका वाक्यात मावते: आतल्या बाजूने दार उघडताना किल्ली, अवजार, खास माहिती किंवा खास जोर लागता कामा नये आणि एका हालचालीत खटका सुटला पाहिजे. आकडे असे: हॅण्डल किंवा दांडा फरशीपासून ८६५ ते १२२० मिमी उंचीवर. खटका सोडायला जास्तीत जास्त ६७ न्यूटन (साधारण ७ किलोचा जोर), दार जागचं हलवायला १३३, पुढे पुरेसं उघडायला पुन्हा ६७.

मोजायला पुश-पुल गेज (ढकलण्या-ओढण्याचा जोर मोजणारं) आणि टेप. शिवाय एक साधी चाचणी: कॉरिडॉरचे दिवे घालवायचे आणि ते दार पूर्वी न पाहिलेल्या माणसाला उघडायला सांगायचं. हात आधी कुठे जातो ते बघायचं. दार ५ वर हात थेट लीव्हरवर गेला, दार उघडलं. दार २३ वर लीव्हर दाबला गेला, दार हललं नाही, माणूस लीव्हरच खालीवर करत राहिला. वर २० सेंमीवर थंब टर्नचा (बोटांनी फिरवायच्या खुंटीचा) वेगळा बोल्ट होता, तिकडे हात गेलाच नाही. "एकच हालचाल" ही अट कशासाठी आहे ते इथे दिसतं.

नापास १४: दारं ३, ४, ९, १०, १३ आणि १५ ते २३ सगळी.

५ फेब्रुवारी

कुलपांना हात लावण्याआधी माणसांचा हिशेब. कोणत्या दाराला कुठलं कुलूप चालेल हे त्या दारातून किती माणसं जाणार यावर ठरतं.

सभागृह २४० चौ.मी., खुर्च्या सुट्या. व्यवस्थापनाचा आकडा २५०, कारण खुर्च्या तेवढ्या आहेत. पण सुट्या खुर्च्यांच्या दाट बैठकीला दर माणशी ०.६५ चौ.मी. धरतात. २४० भागिले ०.६५, म्हणजे ३७०. आज खुर्च्या २५० असल्या तरी उद्या त्या काढून उभा कार्यक्रम होऊ शकतो, म्हणून हिशेब जागेवरून करायचा.

सपाट वाटेवर दर माणशी ५ मिमी मोकळी रुंदी लागते. मोकळी म्हणजे झडप ९० अंशात उघडल्यावर तिच्या पृष्ठापासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत. चौकटीचं माप घेतलं तर ५०-६० मिमी फुकट वाढतात, ही चूक नकाशांवर नेहमीची. दार १६ मोकळं ८६० मिमी: १७२ माणसं. दार १५ दोन झडपांचं, प्रत्येकी ८२०. पण त्यातली एक झडप वर-खाली फ्लश बोल्टनं (झडपेच्या कडेत बसवलेल्या बोल्टनं) कायमची बंद. म्हणजे १६४. एकूण ३३६. हवेत ३७०. शिवाय सभागृहाच्या मुख्य दारातून (दार १५) निम्मी माणसं जायला हवीत, म्हणजे १८५; तिथेही १६४ अपुरे.

दोन्ही झडपा चालू केल्या की दार १५ ची क्षमता ३२८, एकूण ५००. नवं दार फोडायची गरज नाही, दोन बोल्ट निघाले की काम होतं.

माणसं १०० किंवा जास्त असली की सभागृहाच्या दारांना एनएफपीए पॅनिक बार (दाबताच खटका सोडणारा आडवा दांडा) मागते. आयबीसीत (अमेरिकेतली दुसरी इमारत-नियमावली) हीच मर्यादा ५० आहे. इथे ३७०, म्हणजे वाद नाही.

६ फेब्रुवारी

कड्या-कोयंडे काढले. दार १३ वरचा अलड्रॉप आणि त्यातलं टाळं, दार १६ ची साखळी, दार १५ च्या फ्लश बोल्टच्या दोन जोड्या, दार १८ चे दोन टॉवर बोल्ट.

साखळी का लागली ते विचारलं. उत्तर: "बार दाबून कोणीही बाहेरून माणूस आत घेतं." तक्रार खरी आहे, पण तिला उत्तर दारावरचा गजर. बार दाबला की वाजणारा, बॅटरीवर चालणारा गजर दार १६ ला लावायचं ठरलं. दार उघडायला त्यानं काहीच अडत नाही. १९४२ साली बॉस्टनमध्ये कोकोनट ग्रोव्हच्या आगीत ४९२ माणसं गेली. तिथे तळघरातून वर आल्यावरच्या दाराला पॅनिक बार होता आणि तरीही दार बंद करून ठेवलेलं होतं. बार बसवला म्हणजे काम झालं, असं समजू नये.

अग्निरोधक दारांवरून कडी काढली की भोकं उरतात. ती पुट्टी किंवा लाकडी खुंटीनं बुजवायची नाहीत. भोक पूर्ण भरेल असा पोलादी स्क्रू-बोल्ट, नाहीतर त्या दारासाठी मान्य असलेलं भरण. दार १६ ला अशी ४ भोकं, दार १३ ला ६.

१० फेब्रुवारी

पॅनिक बार. दार १५ ला दोन्ही झडपांवर उभ्या दांड्यांचे, वर आणि खाली खटका असलेले. मध्ये खांब नाही, त्यामुळे दोन्ही झडपा एकमेकींवर अवलंबून न राहता उघडल्या पाहिजेत. दार १६ ला आडव्या खटक्याचा बार, तोही अग्निरोधक प्रकारातला.

बारचा दाबायचा भाग झडपेच्या रुंदीच्या निम्मा तरी हवा. झडप ९०० मिमी, म्हणजे किमान ४५०. मध्यरेषा फरशीपासून १००० मिमी धरली.

बसवण्याचा क्रम, कारण उलटा क्रम केला की दिवस वाया जातो:

१. आधी बिजागऱ्या. झडप झुकली असेल तर ती सरळ करायची. उजवी झडप खटक्याच्या बाजूला ४ मिमी खाली आलेली होती. वरच्या बिजागरीचे आटे गेले होते. जाड, लांब स्क्रू घालून ती उचलली.
२. बार आणि मधलं यंत्र, मग वरचा दांडा. वरचा खटका पट्टीत नीट बसतो आणि सुटतो हे आधी पक्कं करायचं.
३. त्यानंतरच खालचा दांडा. बार पूर्ण दाबला की खालचा खटका फरशीतल्या वाटीतून साफ बाहेर आला पाहिजे.
४. वाटी झाडून घ्यायची. खालच्या वाटीत खडा, चुना, सिमेंट साचतं, खटका अर्धाच बसतो, मग दार "आपोआप उघडतं" अशी तक्रार येते आणि कोणीतरी टॉवर बोल्ट परत लावतं.

डाव्या झडपेवर पहिल्या फेरीत खालचा दांडा दोन आटे लांब राहिला. बार शेवटपर्यंत दाबूनही खटका वाटीच्या कडेला घासत होता, गेजवर ९४ न्यूटन. दोन आटे फिरवून दांडा आखडला, ५१ वर आला.

पॅनिक बारसाठीच्या युरोपीय ईएन ११२५ प्रमाणातली एक चाचणी आम्ही आमच्या परीनं करतो. प्रमाणात दारावर १००० न्यूटनचा रेटा देऊन बार २२० न्यूटनच्या आत सुटावा लागतो (रेटा नसताना ८०). जागेवर तेवढा नेमका रेटा देता येत नाही. दोन माणसांनी झडपेला खांदा लावायचा, तिसऱ्यानं एका हातानं बार दाबायचा. रिकाम्या दारावर लोण्यासारखा चालणारा खटका रेट्याखाली अडकतो, तो इथे पकडता येतो. गर्दी दाराला भिडलेली असते तेव्हा दार हेच सोसतं. पॅनिक बारची कल्पनाच अशा अपघातातून आली: १८८३ साली सुंदरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याखालचं दार एकावेळी एकच मूल जाईल इतकं उघडं ठेवून बोल्टनं अडवलेलं होतं, तिथे १८३ मुलं चेंगरून गेली.

दार १६ वर जुना बार अॅलन कीनं दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवलेला सापडला, म्हणजे खटका कायम आत. साध्या दारावर ही सोय चालते. अग्निरोधक दारावर चालत नाही: आगीत ते दार बंद राहून खटका लागलेला असला पाहिजे, नाहीतर तापलेल्या हवेच्या दाबानं झडप उघडते आणि धूर कॉरिडॉरमध्ये येतो. म्हणून अग्निरोधक प्रकारच्या बारला ती खाचच नसते. नव्या बारला नाही.

१३ फेब्रुवारी

विजेची कुलपं. काचेची दारं १९ ते २२, प्रत्येकी दोन मॅगलॉक (वीज असेपर्यंत दार धरून ठेवणारी चुंबकी कुलपं), कार्ड रीडर, आत बटण.

देखभाल पथकाची आजवरची चाचणी: मेन स्विच पाडायचा आणि दार सुटतं का बघायचं. आज पाडला, दार सुटलं नाही, आणि त्यात काही चूकही नाही. पुरवठ्याच्या पेटीत बॅटरी आहे, ती मॅगलॉकला २४ व्होल्ट देत राहते. कुलपाची वीज गेली की दार सुटलं पाहिजे, आणि इथे ती गेलेलीच नव्हती. त्यामुळे तपासायचं ते बॅटरीच्या पुढे, कुलपाकडे जाणाऱ्या तारेवर.

मग फायर पॅनेलवरून (आगसूचक यंत्रणेच्या मुख्य पेटीवरून) अलार्म दिला. दारं सुटली. सगळे खूश. कंट्रोलरची (कार्ड वाचून कुलूप चालवणाऱ्या पेटीची) वीज काढून कुलपांचा पुरवठा तसाच ठेवला आणि अलार्म पुन्हा दिला. दारं बंद.

कारण वायरिंगमध्ये. पॅनेलचा रिले कंट्रोलरच्या इनपुटला जोडलेला. अलार्म झाला की कंट्रोलरला कळतं आणि मग तो कुलूप सोडतो. म्हणजे पॅनेल कंट्रोलरला विनंती करतं. कंट्रोलर बंद पडला, अडकला, किंवा कोणी त्याची सेटिंग बदलली, की विनंती ऐकायला कोणी नाही. आतलं बटणही तसंच, फक्त कंट्रोलरकडे.

बदल:

पॅनेलच्या रिलेचा कोरडा संपर्क (स्वतःची वीज नसलेला, नुसता स्विच) थेट २४ व्होल्टच्या धन तारेत, कुलपांशी मालिकेत. एरवी जोडलेला, अलार्म झाला की तुटणारा. तार तुटली तरी दार सुटतं.

बटण दोन संपर्कांचं घेतलं. पहिला संपर्क कुलपाची तार थेट तोडतो आणि बटणातल्या टायमरमुळे ३० सेकंद तुटलेलीच ठेवतो. दुसरा कंट्रोलरला फक्त कळवतो, म्हणजे "दार जबरदस्तीनं उघडलं" असा खोटा गजर होत नाही. बटण फरशीपासून १०१५ ते १२२० मिमी, दारापासून १५२५ मिमीच्या आत. तिसऱ्या मजल्यावर ते खांबाच्या आड २.३ मीटरवर होतं, हलवलं.

दाराच्या वर सेन्सर. आतून माणूस जवळ आला की कुलूप सुटतं. सेन्सरची वीज गेली तरी सुटलं पाहिजे, म्हणून त्याचा रिले वीज असताना ओढलेला राहील असा जोडला. हालचाल टिपणारा सेन्सर दाराशी स्तब्ध उभ्या माणसाला विसरतो. बटण हवं ते त्यासाठीही.

१४ फेब्रुवारी

दार २१: वीज तुटते, तरी झडप क्षणभर चिकटून राहते आणि मग "टक्" करून सुटते. दोन कारणं निघाली.

एक, कुलपाच्या दोन टोकांवर कोणीतरी डायोड (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाकलेला. रिलेचे संपर्क ठिणगीपासून वाचवायला तो टाकतात, पण वीज तुटल्यावर गुंडाळीतला प्रवाह त्याच डायोडमधून फिरत राहतो आणि चुंबकत्व रेंगाळतं. डायोड काढून व्हॅरिस्टर (जास्तीचा व्होल्टेज शोषणारा भाग) घातला.

दोन, लोखंडी पट्टीतली छोटी स्प्रिंगची पिन. चुंबक सुटला की ही पिन पट्टीला ढकलून अलग करते. रंगाऱ्यानं पट्टीसकट सगळं रंगवलं होतं, पिन रंगात गोठलेली. खरडून मोकळी केली. पट्टीच्या पृष्ठावरचा रंगही काढला, कारण पट्टी आणि चुंबकाच्या मध्ये रंगाचा थर राहिला तर पकड कमी होते.

पट्टीचा मधला बोल्ट आवळून गच्च केलेला होता. पट्टीमागे रबरी वॉशर असतो, तिनं किंचित डोलायला हवं, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. गच्च केली की एका कोपऱ्यावर टेकते आणि ओढून दार उघडता येतं. मग पहारेकरी म्हणतो कुलूप कमजोर, आणि साखळी येते.

कमजोरीचं दुसरं कारण दार २२ वर. तिथली कुलपं १२ व्होल्टवर, प्रत्येकी ०.५ अँपिअर, दोन मिळून १ अँपिअर. केबल १ चौ.मिमी, अंतर ६० मीटर, जाऊन-येऊन १२० मीटर, रोध सुमारे २.१ ओहम. घट २.१ व्होल्ट, दारापाशी जेमतेम ९.९. तीच कुलपं २४ व्होल्टवर जोडली: प्रवाह निम्मा, घट १.०५, दारापाशी जवळजवळ २३. केबल बदलावी लागली नाही. (कुलपातला १२ की २४ व्होल्ट ते ठरवणारा जम्पर बदलायला विसरू नये, नाहीतर कुलूप तापतं.)

१८ फेब्रुवारी

दार २३: थंब टर्न काढून असं मॉर्टिस लॉक (झडपेच्या आत बसणारं कुलूप) बसवलं की आतला लीव्हर दाबला की खटका आणि बोल्ट दोन्ही एकदम आत जातात.

दार १७: मुख्य प्रवेश, कार्यालयीन वापर. इथे आतून किल्ली लागणारं कुलूप ठेवायला सूट आहे, पण अटींवर: कुलूप लागलंय हे बघताच कळावं, किल्ली आतल्या माणसांना लगेच मिळावी आणि दाराशी पाटी असावी. पाटीचा मजकूर: "इमारतीत माणसं असेपर्यंत हे दार कुलूपबंद करू नये." अक्षरं किमान २५ मिमी.

पाटीवर थोडं अडलं. २५ मिमी हे माप रोमन अक्षरांच्या सरळ उंचीचं. देवनागरीत वेलांटी ते उकार मोजून २५ भरवलं, तर अक्षराचा मूळ देह १४-१५ मिमीच उरतो आणि लांबून वाचता येत नाही. आम्ही शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत २५ धरलं, मात्रा त्याच्या वर-खाली.

२० फेब्रुवारी

दार १८, कोठार. चोरीची तक्रार खरी, म्हणून उशिरा उघडणारं कुलूप. सगळीकडे स्प्रिंकलर असल्यामुळे इथे चालतं. सभागृहाच्या दार १५ साठीही हेच मागितलं गेलं होतं. नाही म्हटलं: मुख्य दाराला एनएफपीए ते देत नाही.

याचं वागणं असं असायला हवं: ६७ न्यूटनपर्यंतच्या जोरानं, जास्तीत जास्त ३ सेकंद ढकललं की गजर सुरू होतो आणि १५ सेकंदांनी दार सुटतं. एकदा गजर लागला की उलटी मोजणी थांबवता येत नाही, हात काढला तरी. स्प्रिंकलर किंवा आगसूचक यंत्रणा चालू झाली, किंवा कुलपाची वीज गेली, तर ताबडतोब सुटतं. परत लावायचं ते कोणीतरी येऊन, हातानं.

स्टॉपवॉचवर पहिल्यांदा १९ सेकंद. ढकलण्याचे ४ सेकंद अधिक १५. "चुकून धक्का लागला तर" म्हणून असलेली सेटिंग ४ वर होती. २ केली. आणि कुलूप उघडल्यावर दार बंद होताच आपोआप पुन्हा लागत होतं, तेही बंद केलं. दहा माणसं एकामागून एक येत असतील तर प्रत्येकाला १५ सेकंद थांबायला लावण्यात काही अर्थ नाही.

पाटी: "गजर वाजेपर्यंत दार ढकलत राहा. दार १५ सेकंदांत उघडेल." दाराशी आणीबाणीचा दिवा नव्हता, बसवला.

२४ फेब्रुवारी

जिने. दारं ३, ४, ९, १० वर जिन्याच्या बाजूने कार्ड, आणि चौकटीत इलेक्ट्रिक स्ट्राइक (खटका धरणारा, विजेनं सोडता येणारा भाग). तोही वीज गेल्यावर मोकळा होणारा. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण स्ट्राइक मोकळा झाला की खटक्याला धरायला काही राहत नाही आणि अग्निरोधक दार नुसतं लोटलेलं उरतं. अग्निरोधक दारावर स्ट्राइक वीज गेल्यावर धरून ठेवणाराच हवा.

पण मग धुरानं भरलेल्या जिन्यातून मजल्यावर परत येणाऱ्याचं काय? चारपेक्षा जास्त मजल्यांच्या जिन्याला परत आत येण्याची सोय लागते, आणि हा सहा मजल्यांचा. म्हणून स्ट्राइक काढून विजेचं मॉर्टिस लॉक: वीज गेली की जिन्याकडचा लीव्हर मोकळा होतो, खटका मात्र लागलेलाच राहतो. कुलूप सुटणं वेगळं आणि खटका सुटणं वेगळं. मजल्याकडचा लीव्हर तर कायमच मोकळा, विजेशी त्याचा संबंध नाही.

चौकटीतली जुन्या स्ट्राइकची खाच पोलादी भरणपट्टीनं बंद केली.

दुपारी जिन्यातला दाबाचा पंखा चालू करून सगळी दारं पुन्हा मोजली. दार १२, सकाळपर्यंत पास, आता १४८ न्यूटन. नापासांत पंधरावं. झडप ०.९ गुणिले २.१ मीटर, दाब ५० पास्कल: झडपेवर एकूण ९४.५ न्यूटन, हॅण्डलपाशी (कडेपासून ७ सेंमी आत) सुमारे ५१. उरलेले ९७ डोअर क्लोजरचे (दार आपोआप लोटणाऱ्या स्प्रिंगच्या यंत्राचे). क्लोजर दोन नंबर जास्त ताणलेला होता. स्प्रिंग सैल केली, एकूण १०२. पंख्याविना दार नीट लोटून खटका लागतो का तेही पाहिलं, कारण जास्त सैल केला तर ते राहून जातं. लागतो.

२७ फेब्रुवारी

पूर्ण चाचणी. स्प्रिंकलरचा चाचणी व्हॉल्व्ह उघडला, पाण्याच्या प्रवाहावरून पॅनेलनं अलार्म घेतला. १८ ते २२ सुटली, जिन्याकडचे लीव्हर मोकळे, पंखा चालू.

मग हूटर शांत केला. दारं २० आणि २२ परत लागली. आवाज बंद करणं म्हणजे रीसेट नव्हे. पॅनेल माणसानं रीसेट करेपर्यंत दारं सुटलेलीच राहायला हवीत. रिलेचं प्रोग्रॅमिंग हूटरच्या गटात होतं, वेगळ्या गटात हलवलं. पुन्हा चाचणी, पास.

दुसरी फेरी कंट्रोलरची वीज काढून. सगळी सुटली.

२ मार्च

ताबा देताना दिलेलं: दारनिहाय तक्ता (जोर, उंची, मोकळी रुंदी, कुलपाचा प्रकार), वायरिंगचा नकाशा, काढलेल्या बोल्ट-कड्यांची यादी. अग्निरोधक दारं वर्षातून एकदा पूर्ण तपासायची. पॅनिक बार आणि सुटका बटणं महिन्याला एकदा दाबून बघा असं आम्ही सुचवलं. वेळ दारामागे मिनिटभर.

बाकी: दार १६ चा गजर यायचा आहे. तोवर तिथे माणूस बसेल, साखळी नाही. दार ९ च्या खाली फटीचं माप २२ मिमी, मर्यादा १९; खालची पट्टी मागवली आहे.

संध्याकाळी परत फिरताना दार १५ च्या उजव्या झडपेसमोर खुर्च्यांची चळत लावलेली दिसली. हलवली, फरशीवर पिवळ्या पट्ट्यांनी जागा आखली, तक्त्यात एक रकाना वाढवला: "समोर मोकळं आहे का".